दोष वायरचा नाही

दोन दिवाळ्यांपूर्वी मी आईला एक छोटा व्हॅक्यूम क्लीनर दिला. हातात धरायचा, वायरवाला, दोन हजारांच्या आसपासचा. पुढे शिमग्याला चिपळूणला गेलो तर तो माळ्यावर होता. खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीसकट.

मी चिडलो. म्हणालो, "तुला नवीन काही वापरायचंच नसतं."

"वापरला की," आई म्हणाली. "पाच-सहा वेळा वापरला. मग ठेवला."

"का पण?"

"तू वापर आठवडाभर. मग बोलू."

मी अर्थातच वापरला नाही. पुण्याला परत आलो आणि आपल्या आया कशा बदलायला तयार नसतात, यावर मित्रांमध्ये एक छोटं भाषण ठोकलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्यापैकी एकाही घरी रोजचा केर काढत नव्हता, हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग जूनमध्ये आई मागच्या दारी शेवाळावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मी लॅपटॉप उचलून घरी आलो. बाबांनी चहा आणि कुकर घेतला, माझ्या वाट्याला केर-फरशी आली. पहिल्याच दिवशी माळ्यावरून ते खोकं खाली काढलं, जरा ऐटीतच.

त्या सहा आठवड्यांनंतर माझं एक ठाम मत झालंय आणि ते मी इथे मांडणार आहे. बाजार आपल्याला सांगतो की या यंत्राचा दोष म्हणजे त्याची वायर. म्हणून वायर काढायची, बॅटरी घालायची आणि दुप्पट-तिप्पट पैसे घ्यायचे. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. वायर ही त्या यंत्रातली सगळ्यात भली गोष्ट आहे. दोष आहेत, भरपूर आहेत, पण ते दुसरीकडे आहेत. आणि ते तसेच राहिलेत, कारण यंत्राचा आराखडा करणाऱ्यांनी केर काढणाऱ्या बाईला कधी काही विचारलेलं दिसत नाही.

*

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे.

कोकणात पहिला पाऊस पडला की संध्याकाळी ट्यूबलाईटभोवती वाळवीचे किडे येतात आणि सकाळी जमिनीवर त्यांच्या पंखांचा सडा असतो. केरसुणी लावली की ते पंख उडतात आणि दोन हात पुढे जाऊन बसतात. व्हॅक्यूमने ते दोन मिनिटांत गेले. स्लायडिंग खिडकीच्या खाचेत उन्हाळाभर साठलेली लाल माती आणि मेलेली चिलटं, जी आई जुन्या टूथब्रशने काढायची, ती चपट्या तोंडाच्या नळीने एका फेरीत साफ. गादीच्या शिवणीतली धूळ, डासांच्या जाळीवरचा थर, बाबांच्या पुस्तकांच्या वरच्या कडा, सोफ्याच्या फटीतले चिवड्याचे अवशेष. या सगळ्या जागा केरसुणीच्या नाहीत. मला धुळीने शिंका येतात. झटकून उडवण्याऐवजी धूळ ओढून घेणं म्हणजे काय सुख असतं, ते मला पहिल्याच दिवशी कळलं.

आणि यंत्र किती साधं आहे! एक मोटर, तिला जोडलेला पंखा. पंखा हवा मागे फेकतो, पुढच्या बाजूला दाब कमी होतो, ती जागा भरायला बाहेरची हवा केर घेऊन आत धावते. मध्ये एक फिल्टर. झालं. मोटर सहसा त्याच जातीची, जी आपल्या मिक्सरमध्ये किंवा ड्रिलमध्ये असते. म्हणून ती तशीच किंचाळते, आणि म्हणूनच ती दुरुस्त करणारा माणूस प्रत्येक गावात असतो. या मोटरचे कार्बन झिजतात, ते बदलता येतात. स्विच जातो, तोही बदलता येतो.

चौथ्या आठवड्यात आमच्या यंत्राची वायर तुटली, जिथे ती अंगातून बाहेर येते अगदी तिथे. बाजारपेठेत मिक्सर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेलं. त्यांनी स्क्रू काढले, तुटलेला चार बोटं भाग कापला, उरलेली वायर पुन्हा जोडली. दहा मिनिटं, ऐंशी रुपये. वर म्हणाले, "हे सगळे इथेच तुटतात. इथे चांगला रबर द्यायला काय पैसे पडतात कोणास ठाऊक." तो रबर वायरला मानेपाशी मुरगळू देत नाही. तिथे चार पैसे वाचवले की ग्राहकाचे ऐंशी जातात.

आता दुसरी गोष्ट. पुण्यात माझ्या फ्लॅटमेटने बिनवायरचा घेतला होता. दिसायला देखणा, भिंतीला टांगायचा, दिवे लागणारा. दीड वर्षात तो चार मिनिटांवर आला. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, या मॉडेलची बॅटरी वेगळी मिळत नाही, पण नवीन घेतलात तर एक्स्चेंजमध्ये सूट देऊ. मोटर ठणठणीत, पंखा ठणठणीत, आणि यंत्र मेलेलं. ते अजून आमच्या बाल्कनीत उभं आहे. कचऱ्यात टाकायचं तरी कुठल्या, हे आम्हाला ठरवता आलेलं नाही.

हे त्याचं दुर्दैव नव्हतं. लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की तिची क्षमता घटत जाते, उकाड्यात अजून लवकर. तुमच्या फोनचं जे होतं तेच. फक्त फोन आपण तसाही बदलतो, आणि केर मात्र मरेपर्यंत काढायचा असतो.

एक हिशेब करून बघा. समजा बॅटरी बावीस व्होल्टची आणि दोन अँपिअर-तासांची आहे. दोन्हींचा गुणाकार चव्वेचाळीस वॅट-तास. आमच्या वायरवाल्या यंत्राची मोटर ८०० वॅट खाते. ती या बॅटरीवर चालवली तर साडेतीन मिनिटंसुद्धा चालणार नाही. मग बिनवायरवाले पंधरा-वीस मिनिटं कसे चालतात? कमी वीज वापरून. चांगल्या यंत्रांच्या मोटरी जास्त कार्यक्षम असतात, हे मान्य. पण ती चांगली यंत्रं महाग असतात, आणि स्वस्तातली नुसतीच अशक्त. भिंतीतल्या २३० व्होल्टला मात्र चार्जिंग लागत नाही आणि म्हातारपण येत नाही. वायर म्हणजे न मरणारी बॅटरी.

*

मग आईने तो माळ्यावर का टाकला?

प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ती झोपाळ्यावर बसायची आणि मला केर काढताना बघायची. बोलायची कमी. दुसऱ्या दिवशी मी हॉलमधून बेडरूमकडे वळलो आणि प्लग बोर्डातून निसटला. ती म्हणाली, "हं. एक."

त्या 'एक'मध्ये बरंच काही होतं. आपल्या घरांत प्लग जमिनीपाशी नसतो. तो पंख्याच्या रेग्युलेटरशेजारी, छातीच्या उंचीवर, बोर्डात असतो. जुन्या घरात खोलीला एकच. म्हणजे पाच मीटर वायरमधला सव्वा मीटर भिंतीवरून खाली उतरण्यातच जातो. उरलेली वायर ताणली की तिचं सगळं ओझं प्लगवर येतं आणि तो सैल होऊन बाहेर येतो. पाच मीटर हा आकडा ज्याने ठरवला, त्याने प्लग भिंतीच्या पायथ्याशी असलेल्या घरात उभं राहून ठरवला असणार. हा वायर असण्याचा दोष नाही. वायर आखूड असण्याचा आहे. आठ मीटर दिली असती तर प्रश्नच नव्हता, आणि आठ मीटर दिली तर ती गुंडाळायला यंत्राच्या अंगावर दोन आकडे लागले असते. आमच्याला एकही नाही. मी ती रबर बँडने बांधतो.

'दोन' होतं वाकणं. हातात धरायचं यंत्र जमिनीवर वापरायचं म्हणजे कंबरेत वाकायचं. केरसुणीनेही वाकतोच, पण केरसुणीला वजन नसतं. इथे दीड-दोन किलो एका मनगटावर लोंबतात, आणि मोटर मुठीच्या पुढे असल्यामुळे यंत्राचं नाक सतत खाली पडू बघतं. तिसऱ्या दिवशी माझं मनगट दुखायला लागलं. मी तिशीच्या आतला, जिमला जाणारा. आई साठीची आहे. जोडायची लांब नळी वेगळी विकत मिळते, हे मला पाचव्या आठवड्यात कळलं. ती लावल्यावर यंत्र पाय पसरून उभं राहिल्यासारखं झालं आणि मीही ताठ झालो. प्लास्टिकची एक पोकळ नळी. ती मुळात खोक्यात का नव्हती?

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. बिनवायरच्या उभ्या व्हॅक्यूमच्या जाहिरातीत बाई ताठ उभी राहून हसत केर काढते, आणि आपल्याला वाटतं की बॅटरीने तिची सुटका केली. तिची सुटका नळीने केली. बॅटरीचा तिथे काही संबंध नाही.

'तीन', हवा कुठून बाहेर येते. आमच्या यंत्रात ती बाजूच्या झरोक्यांतून येते, जोरात. म्हणजे भिंतीच्या कडेने नॉझल नेत असताना बाजूचा झोत पुढचे केस आणि धूळ आधीच उडवून लावतो. एका हाताने ओढायचं आणि दुसऱ्याने पसरवायचं. आणि ती हवा स्वच्छ असते असंही नाही. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ फुंकण्यापेक्षा ओढावी हे पटवून घेण्यासाठी खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवून तोंडाने हवा ओढली होती, रुमाल काळा झाला होता. तुम्ही त्याच्या उलट करा. यंत्र चालू करा आणि हवा बाहेर पडते तिथे पांढरा रुमाल धरा. मी धरला. खोक्यावर काय छापलंय त्यापेक्षा रुमाल जास्त खरं बोलतो.

'चार' आईने मोठ्याने म्हटलं नाही, फक्त हसली. मी डबा रिकामा करायला गेलो होतो. डबा यंत्रापासून सुटा करताना अर्धी धूळ माझ्या अंगावर, पाव ओट्यावर. सगळं घर फिरून मुठीत गोळा केलेली धूळ शेवटच्या क्षणी नाकात. शिंकांनी डोळ्यांत पाणी आलं. ज्याने हा डबा आखला त्याने तो भरलेला कधी उघडलाच नसावा. रिकामा उघडून बघितला असेल, 'क्लिक' आवाज छान येतो म्हणाला असेल.

आणि 'पाच' म्हणजे फिल्टर. पुस्तिकेत लिहिलंय, फिल्टर धुवावा आणि पूर्ण वाळवून मगच लावावा. चिपळूणला, जुलैमध्ये! जिथे बनियन तीन दिवस वाळत नाही! फिल्टर एकच दिलेला. तो ओला लावला तर वास मारतो आणि यंत्राचा दम कमी होतो. न धुता वापरला तर हवा अडते, आणि या छोट्या यंत्रांत तीच हवा मोटरला थंड ठेवत असते, म्हणून मोटर तापते. आई त्याच्यापुढे हरली होती, आणि तिच्याकडे हरण्याशिवाय काही उपायही नव्हता. दुसरा फिल्टर खोक्यात टाकला असता तर तिने ते यंत्र माळ्यावर ठेवलं नसतं, असं मला खरंच वाटतं.

आवाजाला तिने आकडा दिला नाही. फक्त म्हणाली, "हे चालू असलं की कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत." घर चालवणारी बाई केर काढताना फक्त केर काढत नसते. ती कुकर ऐकते, दूधवाला ऐकते, फोन ऐकते. हे तरी कुठल्या आराखड्यात कोणी लिहिलं असेल?

*

गंमत म्हणजे हे यंत्र मुळात केर काढणाऱ्यानेच बनवलंय. बूथचं यंत्र एवढं प्रचंड होतं की घोडागाडीवर घालून लोकांच्या दारात न्यावं लागायचं. एका माणसाला वापरता येईल असा विजेवरचा व्हॅक्यूम क्लीनर १९०७ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कँटन नावाच्या गावी, जेम्स मरे स्पँगलरने जुळवला. स्पँगलर एका दुकानात सफाई कामगार होता आणि त्याला दमा होता. गालिचे झाडताना उडणारी धूळ आपल्या छातीत जाते, हा त्याचा प्रश्न होता. त्याने पंख्याची मोटर घेतली, साबणाचा खोका घेतला, धूळ धरायला उशीचा अभ्रा लावला आणि धरायला झाडूचा दांडा. १९०८ मध्ये त्याला पेटंट मिळालं. ते पुढे विल्यम हूवरने विकत घेतलं, आणि आडनाव जगभर झालं ते हूवरचं.

पण तो दांडा बघा. झाडणाऱ्या माणसाने यंत्र बनवलं तेव्हा त्याला दांडा होता, कारण आपली कंबर त्याला माहीत होती. धुळीची पिशवी होती, कारण आपली छाती त्याला माहीत होती. आणि त्याला वायर होती. शंभराहून जास्त वर्षांनी माझ्या हातात जे यंत्र आलं त्यातून दांडा गेला, पिशवी गेली, आणि आता म्हणतात वायरही काढू.

केर काढतं कोण, याचा हिशेब आपल्या सरकारनेही केलाय. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात रोज जाणारा वेळ सरासरी २९९ मिनिटं निघाला. पुरुषांचा ९७, आणि तोही जे पुरुष घरकाम करतात त्यांचा. म्हणजे ज्यांचा या यंत्राशी रोजचा संबंध, त्या बायका. पण घरात ते विकत कोण आणतं? माझ्यासारखा कोणीतरी, रात्री अकरा वाजता फोनवर रिव्ह्यू वाचून, वॅट बघून. आणि वॅट म्हणजे ओढण्याची ताकद नाहीच, ते फक्त विजेचं बिल. युरोपीय संघाने सप्टेंबर २०१७ पासून घरगुती व्हॅक्यूमना ९०० वॅटची मर्यादा घातली, तेव्हा काही तिथले गालिचे घाण राहिले नाहीत. आपल्याकडे मात्र वॅट अजून खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात असतात, कारण खोकं विकत घेणाऱ्यासाठी छापलेलं असतं.

*

आता तुम्ही म्हणाल, मग केरसुणीच बरी. नाही. केरसुणीचं गुणगान गाणाऱ्यांनी आधी तिच्याबरोबर वाकून सगळं घर फिरावं. ती धूळ उडवते, आणि ती धूळ छातीत कोणाच्या जाते हे आपल्याला माहीत आहे.

कोणी म्हणेल, वायरवाला गाडीत चालत नाही, लाईट गेली की बंद पडतो. खरं आहे. चिपळूणला लाईट जाते आणि आमचा घरचा इन्व्हर्टर हे ओझं पेलत नाही. पण लाईट गेल्यावर केर दोन तासांनी काढला तर चालतो. दीड वर्षाने यंत्र फेकावं लागलं तर चालत नाही. आणि ज्याला बिनवायरचाच हवा, त्याने घ्यावा, पण बॅटरी सुटी मिळेल का हे आधी विचारावं. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे, असा नियम लागू होतोय. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टल काढलं. ते पोर्टल उपयोगी पडायचं तर आधी आपण दुकानात तोंड उघडायला हवं.

माझ्या मागण्या फार नाहीत. आठ मीटर वायर, आणि ती कॉम्प्युटरला असते तशी सुटी करता येणारी, म्हणजे तुटली तर कोपऱ्यावरच्या दुकानातून दुसरी आणता येईल. मानेशी चांगला रबर. खोक्यात दोन फिल्टर. लांब नळी खोक्यातच. हवा मागच्या बाजूने वर जाणारी. डबा असा, की पिशवीत उलटा धरून मगच उघडता येईल. यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही. लागतो तो फक्त एक माणूस, जो हे यंत्र भर पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या घरात घेऊन जाईल आणि झोपाळ्यावरच्या बाईसमोर चालवून दाखवेल.

आईचं मनगट आता बरं आहे. मी तिला दुसरा फिल्टर आणि नळी आणून दिली. गाद्या आणि खिडक्यांसाठी ती आता व्हॅक्यूम वापरते, फरशीला अजून केरसुणीच. गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तिने नेहमीसारखी नवी केरसुणी पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं. मी गंमत म्हणून व्हॅक्यूम आणून शेजारी ठेवला.

तिने तो उचलला, नीट बघितला आणि पाटाच्या खाली, जमिनीवर ठेवला.

"सुधारतोय," म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."